गाडी लांब लावा

धाकटीला वेबसाइट करायला कोणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर तिने तिसऱ्या महिन्यातच नाद सोडला असता, कारण शिकवणारा समोर बसलेला असला की आपण किती मठ्ठ आहोत ते त्याच्या तोंडावर दिसतं. व्हिडिओत तसं नसतं. व्हिडिओतला दाढीवाला माणूस एकच गोष्ट अकरा वेळा सांगतो आणि अकराही वेळा तितक्याच उत्साहाने सांगतो. बटणाचे कोपरे गोल कसे करायचे हे तिने त्याच्याकडून अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी कोपरे गोल झाले, तेव्हा तिने नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने ते बटण दाबून पाहिलं आणि विचारलं, "हे कितव्या मजल्यावर जातं?"

त्याआधी सोळा वर्षं ती एका छापखान्यात होती. औषधाच्या बाटल्यांची लेबलं, पावतीपुस्तकं, लेटरहेड. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही ओळ बाटलीच्या वळणावर न तुटता कशी बसवायची, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मालक म्हातारा झाला, मशीन विकून मुलाकडे राहायला गेला, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी धाकटी घरी बसली. आता बाटल्या हलवणाऱ्या जगाला तिची गरज उरली नव्हती.

तिच्या थोरल्या बहिणीला मात्र कामाचा तोटा नव्हता. थोरली इंटिरिअर डिझायनर. तिच्या घरात पांढऱ्या रंगाच्या नऊ छटा होत्या आणि त्या नऊही तिला ओळखता यायच्या. कोणाच्याही घरी गेली की ती आधी पडद्यांकडे बघायची आणि मग माणसांकडे. धाकटीने केलेली पहिली वेबसाइट तिने फोनवर पाहिली, बोटाने वर-खाली केली, आणि "छान आहे गं" असं म्हणाली. ती वेबसाइट एका बेकरीची होती. त्या 'छान'मधला कंटाळा धाकटीला पुढे आठवडाभर पुरला.

बेकरीनंतर एक फोटोग्राफर, एक शिवणक्लास, एक सायकलींचं दुकान. सगळे सुरुवातीला उत्साहात यायचे आणि शेवटी एकच वाक्य म्हणायचे, "माझा भाचा फुकट करून देतो म्हणतोय." जगात इतके भाचे असतील याची धाकटीला कल्पना नव्हती. तो भाचा मग सहा महिने काहीच करायचा नाही, तरीही तो भाचाच राहायचा आणि ही परकी.

दाढीवाल्याने एका व्हिडिओत सांगितलं, सगळ्यांसाठी सगळं करू नका. आपली नीश शोधा. एकच लहानसा कोपरा पकडा, तिथले राजे व्हा.

रविवारी आईकडे जेवताना धाकटी म्हणाली, "मला आता नीश शोधायचीय."

आईला अलीकडे कमी ऐकू यायचं, पण ती ते मान्य करत नव्हती. तिने घास खाली ठेवला. "नीच? एवढे संस्कार केले, दोघींना शिकवलं, आणि आता नीच शोधतेस?"

"नीच नाही आई, नीश."

"बाहेर शोधायची गरज नाही," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे थोरलीचे यजमान, आणि असले विनोद करून इकडेतिकडे बघायची त्यांना सवय होती. कोणी हसलं नाही तर ते स्वतः हसून घ्यायचे. तेही तसेच हसले.

त्याच आठवड्यात एक नवं गिऱ्हाईक आलं, सगळे त्यांना काका म्हणत.

काका ढेकूण मारायचे. झुरळं, उंदीर, वाळवी हेही करायचे, पण जीव ढेकणांवर. जाडजूड देहाचा माणूस, आणि बोलायचे इतकं हळू की समोरच्याला वाटावं शेजारच्या खोलीत कोणीतरी आजारी झोपलंय. सव्वीस वर्षं लोकांच्या बेडरूममध्ये गुपचूप वावरून त्यांचा आवाजच बसला होता. गाडीचा हॉर्नसुद्धा ते हळूच वाजवायचे.

गाडी मात्र बोलकी होती. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना हत्तीएवढा ढेकूण रंगवलेला, लालबुंद डोळ्यांचा, पोटावर रक्ताचे थेंब. चित्र काकांच्या मेहुण्याने काढलं होतं. पाच पाय होते. सहावा मागच्या चाकाच्या जागी आला असता म्हणून मेहुण्याने तो सोडून दिला होता.

"मला वेबसाइट हवी," काका कुजबुजले. "आणि तिच्यावर हा हवा. चालताना."

धाकटीने सगळं कसब पणाला लावलं. दाढीवाल्याचे चौदा व्हिडिओ पाहिले. दहा दिवसांनी वेबसाइट तयार झाली, उघडली की डावीकडून एक ढेकूण यायचा, अक्षरांवरून चालत जायचा आणि उजवीकडे नाहीसा व्हायचा. याला तिने सहा पाय दिले होते. काका इतके खूश झाले की जवळजवळ ऐकू येईल एवढ्या आवाजात "वा" म्हणाले.

महिनाभरात त्या वेबसाइटवरून एकही फोन आला नाही. म्हणजे एक आला, पण त्या बाईंचं म्हणणं होतं की तुमचा किडा बघून माझ्या हातातून फोन पडला, काच फुटली, भरपाई कोण देणार?

"लोक बघतात हो," धाकटी काकांना म्हणाली. तिच्याकडे आकडे होते. "दिवसाला चाळीस-पन्नास माणसं येतात. चार सेकंद थांबतात आणि जातात."

"चार सेकंदांत तो मधल्या ओळीपर्यंत पोचतो," काका खिन्नपणे म्हणाले.

आता गोष्ट खरी इथे सुरू होते, आणि ती धाकटीच्या डाव्या पोटरीवर सुरू होते. एका सकाळी तिथे तीन लाल ठिपके उठले, एका ओळीत, जणू कोणी पट्टी धरून काढलेत. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या पाठीवर एक अख्खा परिच्छेद. चौथ्या दिवशी तिने गादीची शिवण उलटली आणि आत ढेकणांची रांग होती.

नवऱ्याने दीड महिन्यापूर्वी एक आरामखुर्ची घरी आणली होती. एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता, तिथे कोणीतरी जिन्याखाली ठेवून दिली होती, फुकट. खुर्ची बेडरूममध्ये पलंगाला चिकटून ठेवली होती आणि तो रोज तिच्यात बसून पायमोजे काढायचा.

"खुर्चीतून आलेत," धाकटी म्हणाली.

"खुर्ची चांगल्या घरची आहे," नवरा म्हणाला.

"चांगल्या घरचे ढेकूण आहेत मग."

त्याने खुर्ची उलटी केली, आत बघितलं, आणि पायमोजे पुन्हा चढवले.

खरं तर धाकटीइतकी नशीबवान बाई शोधून सापडली नसती. तिच्या घरात ढेकूण झाले होते आणि ढेकूण मारणारा माणूस तिचा गिऱ्हाईक होता. फोन उचलायचा आणि सांगायचं, एवढंच काम. तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. काय सांगणार? काका, माझ्या घरी झालेत? काका म्हणतील, बाई दिसायला स्वच्छ होती. काका आपल्या बायकोला सांगतील. बायको मेहुण्याला सांगेल. आणि ती व्हॅन! ती व्हॅन आपल्या दारात उभी राहणार, लाल डोळे वटारून, आणि समोरच्या खिडकीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना दिवसभर तेवढाच एक उद्योग होता, त्या बघणार.

त्यापेक्षा दुसरा कोणीतरी बघू, म्हणून ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लावून शोधायला लागली. पहिलीच वेबसाइट उघडली ती तिने स्वतः केलेली. डावीकडून तो आला. तुरुतुरु. सहाही पाय हलवत.

धाकटीने ते पान इतक्या घाईने बंद केलं की अंगठ्याचं नख दुखावलं. मग तिथेच, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, ती उकिडवी बसली आणि पुष्कळ वेळ उठली नाही. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं. चार सेकंद. ती सगळी अशीच कुठेतरी दार लावून बसलेली असणार, अंग खाजवत, घाबरलेली, आणि आपण त्यांच्या अंगावर आणखी एक सोडला.

तिने काकांना फोन लावला. सांगताना तिचाही आवाज काकांसारखाच झाला. दोघं एकमेकांशी इतकं हळू बोलत होते की बराच वेळ कोणालाच काही कळलं नाही.

"तुमच्याकडे?" शेवटी काका म्हणाले. "बरं. उद्या सकाळी येतो. गाडी लांब लावू ना?"

"म्हणजे?"

"सगळे सांगतात ना, गाडी लांब लावा. मी दोन गल्ल्या सोडूनच लावतो. मशीन पिशवीतून आणतो. कोणी विचारलं तर पंखा दुरुस्तीला आलो म्हणतो."

"सगळे सांगतात?"

"सव्वीस वर्षं," काका म्हणाले.

"आणि तरी तुम्ही गाडीवर तो काढलात?"

"मेहुणा नाराज झाला असता," काका म्हणाले.

काकांनी वाफेचं मशीन फिरवलं, औषध मारलं, खुर्ची स्वतः तोडून नेली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन तेच केलं. या दोन फेऱ्यांमध्ये धाकटी त्यांच्या मागेमागे फिरत प्रश्न विचारत होती. लोक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात? ("माझ्या एका मैत्रिणीच्या घरी.") पैसे आधी विचारतात की नंतर? ("नंतर. आधी विचारतात, शेजाऱ्यांना कळेल का?") सगळ्यात जास्त काय ऐकायला त्यांना बरं वाटतं? यावर काका थांबले, मशीन बंद केलं. "हे स्वच्छ माणसांकडेही होतं, असं सांगितलं की रडतात काहीजण," ते म्हणाले. "मोठी माणसं हो. साहेब लोक. गादी उभी धरून रडतात."

जुनी वेबसाइट धाकटीने मुळापासून उखडली. नवीत किडा नव्हता. रक्त नव्हतं, लाल रंगच नव्हता. फिकट पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे अस्वच्छतेमुळे होत नाही. कोणाच्याही घरी होतं.' खाली, 'आमच्या गाडीवर काहीही लिहिलेलं नाही. आम्ही कोण, हे शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.' मग एक साधा फॉर्म. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'आम्ही काय म्हणून यावं?' पंखेवाले, नळवाले, लांबचे नातेवाईक. आणि काकांनी आवर्जून घालायला लावलेला एक प्रश्न, 'गेल्या सहा महिन्यांत घरात बाहेरून काय आलं?' तळाशी एकच ओळ, 'तुम्ही इथे आलात हे कोणालाही कळणार नाही.'

बाटलीवरच्या लेबलासारखं होतं सगळं. आजारी माणसाला वाचता येईल एवढंच, आणि वळणावर न तुटणारं.

काकांनी व्हॅन पांढरी करून घेतली. मेहुणा दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही, आणि काकांच्या म्हणण्यानुसार तेही फायद्यातच पडलं.

पहिल्या आठवड्यात अकरा फॉर्म आले. दुसऱ्यात सव्वीस. चौथ्यात काकांनी हाताखाली दोन माणसं ठेवली आणि त्यांना कुजबुजायला शिकवलं. त्यांच्या धंद्यातल्या लोकांची एक संघटना होती, वर्षातून दोनदा भेटून औषधांच्या किमतींवर रडणारी. तिथे काकांनी हळूच सांगितलं. कोणालाच नीट ऐकू न आल्यामुळे सगळे उत्सुकतेने जवळ आले. महिन्याभरात धाकटीकडे तीन वेगवेगळ्या शहरांतली ढेकणांची कामं होती, आणि पहिल्यांदाच कोणाला भाचा नव्हता. म्हणजे असेल, पण ढेकणांच्या वेबसाइटला हात लावायला तो तयार नव्हता.

रविवारच्या जेवणात अर्थातच याची चर्चा झाली.

"मग, सापडली का नीच?" आईने विचारलं.

"सापडली," धाकटी म्हणाली.

"ढेकणांची राणी," भाऊजी म्हणाले आणि हसून घेतलं. थोरलीने वेबसाइट उघडून पाहिली. या वेळी जरा जास्त वेळ पाहिली. "पांढरा जरा पिवळट आहे," ती म्हणाली. "पण चालेल. तुझ्या लोकांना चालेल."

'तुझ्या लोकांना' हे धाकटीला झोंबलं. घरी येताना ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा हिच्या त्या नऊ छटांच्या गाद्यांत व्हायला हवेत." बोलून गेली आणि विसरली.

साधारण सहा आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी अकराला, धाकटीच्या फोनवर एक मेल आला. वेबसाइट सुरू केली तेव्हा फॉर्म नीट पोचतात की नाही हे बघायला तिने प्रत्येक फॉर्मची एक प्रत स्वतःकडे येईल असं लावून ठेवलं होतं, आणि मग ते बंद करायचं राहून गेलं. रोज ढीगभर यायचे, ती वाचत नव्हती. हा वाचला, कारण पत्ता ओळखीचा होता.

पत्ता थोरलीचा होता.

धाकटीला आधी काय वाटलं हे खरं सांगायचं तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती खुर्चीतून उठली, खोलीत एक चक्कर मारली, नवऱ्याला फोन करायला नंबरसुद्धा काढला. नऊ छटा! भाऊजी! ढेकणांची राणी काय? मग पुन्हा बसली, पुढचं वाचायला.

'आम्ही काय म्हणून यावं?' या रकान्यात लिहिलं होतं, 'पडद्यांची मापं घ्यायला. यजमानांना माहीत नाही.'

'घरात बाहेरून काय आलं?' त्याखाली, 'धाकट्या बहिणीची मोठी सुटकेस, प्रदर्शनाला जाताना नेली होती. ही वेबसाइट तिनेच केली आहे. कृपया तिला अजिबात कळू देऊ नका. तिला फार वाईट वाटेल, आणि आत्ता कुठे तिचं बरं चाललंय.'

धाकटीने ते तीनदा वाचलं. नवऱ्याचा काढून ठेवलेला नंबर बंद केला.

सुटकेस पलंगाखाली असायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी थोरली येऊन घेऊन गेली होती, खुर्ची येऊन तेव्हा महिना झाला असेल, आणि पोटरीवर ठिपके उठायला अजून दोन आठवडे होते. पण नंतर तर कळलं होतं. घरभर वाफ फिरत होती तेव्हा एकदा तरी डोक्यात यायला हवं होतं की सुटकेस कुठे आहे. आलं होतं का? धाकटीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आलं होतं. एकदा, ओझरतं, आणि तिने ते झुरळासारखं झटकून टाकलं होतं. कारण सांगायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

तिने काकांना फोन केला. "काका, या आठवड्यात कुठे कुठे जाताय?"

"इकडेतिकडे."

"माझ्या बहिणीकडे जाणार आहात का?"

"तुम्हाला बहीण आहे?" काका अगदी निर्मळपणे म्हणाले. त्यांना बहीण चांगलीच माहीत होती. धाकटीने ओशाळून फोन ठेवला.

गुरुवारी काका थोरलीकडे मापं घेऊन आले. ही बातमी धाकटीला रविवारी भाऊजींकडून मिळाली. "हिने पडदेवाला बोलावलाय," ते जेवताना सांगत होते. "कसला कसबी माणूस! पडदे खिडकीला, आणि पठ्ठ्या चार तास बेडरूममध्ये. गादीसुद्धा मोजली."

थोरली खाली मान घालून जेवत होती. उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घातला होता.

"आणि तुझं काय?" भाऊजी धाकटीकडे वळले. "काय म्हणतात तुझी घाणेरडी माणसं?"

"अस्वच्छतेमुळे होत नाही ते," थोरली एकदम म्हणाली. ताटावरून डोळे न उचलता, पण चांगलं ठणकावून. "कोणाच्याही घरी होतं."

भाऊजी हसले नाहीत. आईने विचारलं, "काय होतं?"

जेवणं झाल्यावर थोरली ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. धाकटी तिच्यामागे गेली आणि दार लोटून घेतलं. नीट जुळवून बोलायचं असं तिने ठरवलं होतं. चार दिवस वाक्यं जुळवत होती. त्यातलं एकही आलं नाही.

"ताई, ते ढेकूण माझे आहेत."

थोरलीने नळ बंद केला. "कोणते?"

"तुझ्याकडचे."

थोरलीने हात पुसले. "आता ते माझे आहेत," ती म्हणाली. "दिलेली वस्तू परत मागू नये."

"मला माहीत होतं. म्हणजे नंतर कळलं होतं. सुटकेस तुझ्याकडे आहे हे आठवलंही होतं. तुला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. लाज वाटली."

"मलाही वाटली ना. मी कुठे सांगितलं तुला?" थोरलीने बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटांवर ओळीने ठिपके होते. धाकटीला स्वतःच्या पोटरीवरचे आठवले, तसेच, पट्टी धरून काढलेले. "तुला काकांनी सांगितलं?"

"त्यांना कापून टाकलं तरी सांगणार नाहीत. फॉर्मची प्रत मला येते."

"प्रत?" थोरलीचा आवाज चढला, मग बाहेर भाऊजी आहेत हे आठवून ती काकांच्या पट्टीत आली. "खाली काय लिहिलंयस तू? कोणालाही कळणार नाही. मी बाथरूममध्ये बसून भरला तो फॉर्म, नळ सोडून!"

"नळ कशाला?"

"माझ्या फोनचा टाइप करताना टकटक आवाज येतो, तो बंद कसा करायचा मला माहीत नाही. मध्येच ह्यांनी दार वाजवलं. मला ते पान झाकता येईना. फोन मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकला मी. आणि इकडे तू आरामात वाचतेस!"

ते खरं होतं. जगभरच्या घाबरलेल्या माणसांना आपण एक वचन दिलं होतं आणि ते पहिल्या दिवसापासून मोडत होतो, केवळ त्या प्रतीसमोरची एक खूण पुसायचा कंटाळा केला म्हणून. तिने तिथेच फोन काढला, ओल्या ओट्याला टेकून ती प्रत बंद केली, आणि आजवर आलेले सगळे फॉर्म पुसून टाकले. थोरली तिच्या खांद्यावरून बघत होती.

"गेले?"

"गेले."

"माझाही?"

"तुझाही." धाकटीने फोन खाली ठेवला. "तू त्यात माझ्याबद्दल जे लिहिलं होतंस ना..."

"ते तुझ्यासाठी नव्हतंच लिहिलेलं," थोरली तुटकपणे म्हणाली, आणि भांडी घासायला लागली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "एक बटण हवं तिथे. दाबलं की पान एकदम जाऊन दुसरंच काहीतरी दिसलं पाहिजे. हवामान वगैरे. नवरा आला, दाबलं, पाऊस पडेल की नाही."

धाकटीने डोळे पुसले. "कुठे ठेवू?"

"उजवीकडे खाली. अंगठा तिथे असतो. आणि लाल करू नकोस, तुला सवय आहे."

भाऊजींना आजतागायत काही माहीत नाही. पडद्यांचं काय झालं असं ते अधूनमधून विचारतात. शेवटी थोरलीला खरोखरच नवीन पडदे करावे लागले.

ते हवामानाचं बटण मात्र धाकटीच्या पुढच्या सगळ्या कामांचं कारण ठरलं. आधी काकांच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते हवं झालं. मग एका केसांचे टोप करणाऱ्या कारागिराने विचारलं, आम्हाला मिळेल का? मग घोरण्यावर इलाज करणाऱ्या एका डॉक्टरीणबाई आल्या. मग कवळ्या बसवणारे, मग तळपायांच्या घामाचं औषध विकणारे, मग एक मूळव्याधीचे शल्यविशारद, जे धाकटीच्या घरी आले तेव्हा स्वतःच खुर्चीवर बसले नाहीत. कारण विचारायची हिंमत तिला झाली नाही. ज्या ज्या गोष्टीबद्दल माणूस दार लावून, नळ सोडून विचारतो, ते सगळं हळूहळू धाकटीकडे यायला लागलं. तिथे ना भाचे होते ना स्पर्धा. प्रत्येकाला ती पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायची, तुमच्याकडे येणारा माणूस कोणापासून लपतो? उत्तर आलं की निम्मं काम झालेलं असायचं. दाम ती चोख घ्यायची, आणि कोणी घासाघीस करत नसे, कारण घासाघीस करायला आवाज चढवावा लागतो.

दीड वर्षाने तिने एक खोली भाड्याने घेतली, खाली किल्ल्यांचं दुकान, वर ती. नवऱ्याने तिथल्या लिफ्टची आपणहून तपासणी केली आणि जिन्यानेच जात जा असा सल्ला दिला.

गेल्या महिन्यात कवळीवाल्या डॉक्टरांचा फोन आला. वेबसाइटमुळे माणसं यायला लागली होती, पण प्रतीक्षागृहात समोरासमोर बसायची वेळ आली की निम्मी उठून पळायची. ओळखीचं कोणी भेटलं तर? खोलीचं काही करता येईल का? धाकटीने थोरलीला फोन लावला.

"कवळ्या?" थोरली म्हणाली. "किती माणसं बसतात एका वेळी?"

दोघी मिळून बघायला गेल्या. डॉक्टर हात चोळत मागे उभे. थोरलीने सवयीप्रमाणे आधी पडद्यांकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे, मग एका खुर्चीत स्वतः बसली, ओठ आत घेऊन, दात नसल्यासारखे गाल ओढून. तशीच बसून तिने आळीपाळीने दाराकडे, खिडकीकडे, समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"सगळ्या खुर्च्यांची तोंडं खिडकीकडे," ती त्या पोपल्या तोंडानेच म्हणाली. "आणि मध्ये झाडं. उंच."

"जाताना परत समोरून जावं लागेल ना पण," धाकटी म्हणाली. "बाहेर पडायचं दार वेगळं हवं."

"भिंत फोडायची?" डॉक्टर म्हणाले.

"भिंतीला कोणता रंग आहे हा?" थोरलीने विचारलं.

"पांढरा," डॉक्टर म्हणाले.

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटीने पर्समधून मोजपट्टी काढली, एक टोक थोरलीच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती मागच्या भिंतीकडे चालायला लागली. डॉक्टर दोघींच्या मधल्या पट्टीखालून वाकून पलीकडे गेले.